शाळा धरलीच नाही, सोडणार कुठून?

या देशात आमची जात ओळखायला कुणाला कागद लागत नाही. खोली भाड्यानं बघायला जा. एजंट आडनाव विचारतो, वस्ती विचारतो आणि रिकामी खोली एकदम 'कालच गेलेली' असते. गावात विहिरीवर, मसणवट्यात, वरातीच्या वाटेवर पुरावा न मागताच निकाल लागतो. शिवी द्यायला दाखला लागत नाही. दाखला लागतो हक्क मागताना. रेशन, झोपडी, स्कॉलरशिप, नोकरी म्हटलं की खिडकीमागचा बाबू चष्मा वर करतो : तू तोच कशावरून?

ओळखीची निशाणी आमच्या अंगावर लादणं जुनं आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं, हातात नाहीतर गळ्यात काळा दोरा होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवलंय. तो दोरा हेच आमचं पहिलं ओळखपत्र. इंग्रजानं १८७१ चा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांना हजेरी लावली. १९५२ साली कायदा गेला, पोलिसाची नजर गेली नाही. तिकडं दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी काळ्या माणसाच्या खिशात पास कोंबला. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला पासविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसं मेली.

म्हणून कार्डं जाळा, असं आपल्यातले काही म्हणतात. राग मला कळतो. पण आपल्या आयांना विचारा. मुंबईत १९७६ साली झोपड्यांची मोजणी झाली, फोटोपास मिळाले. १९८५ साली फुटपाथवाल्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचा हक्क धरला, पण पर्यायी जागा द्यायला सांगितली ती त्या मोजणीतलं कार्ड असलेल्यांना. नंतर १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० या तारखा आल्या. तारखेच्या अलीकडचा कागद म्हणजे छप्पर, पलीकडचा म्हणजे बुलडोझर. म्हणून आई लाइटबिल आणि मतदारयादीचा उतारा पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, सोन्यासारखा जपते. तिला जाळायला सांगणारा कधी बुलडोझरसमोर उभा राहिलेला नसतो.

कागद आमच्या हातात असला तर ढाल. तोच मागणाऱ्याच्या हातात गेला की फास. भांडण आहे ते इथं.

जात पडताळणी घ्या. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. बहिणीच्या अॅडमिशनसाठी मी गोदीतल्या पाळ्या बुडवून हेलपाटे घातले. बाबू म्हणाला, आजाचा शाळा सोडल्याचा दाखला आण. अरे बाबा, आजाला शाळेच्या पायरीवर कुणी बसू दिलं नाही. शाळा धरलीच नाही, तर सोडणार कुठून? शेवटी तालुक्याच्या गावी कोतवाल बुकात मोडीतली जन्मनोंद सापडली. वाचून घ्यायचे पैसे वेगळे. त्यात आजाचं नाव अर्धं होतं, जात मात्र पूर्ण होती. ज्यांनी शाळा नाकारली त्यांचीच वही, आणि पुरावा आणायचा आम्ही!

आता आधार. पहिला नंबर २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत, एका आदिवासी बाईला दिला. एक मित्र म्हणतो, बघ, या नंबरात जात नाही. खरंय. २०१६ च्या कायद्यानं जात आणि धर्म गोळा करायला मनाई केलीय. ज्याच्याकडे एकही चिटोरा नव्हता त्या पालावरच्या माणसाला हा पहिला कागद मिळाला, तेही मी नाकारत नाही. पण नंबराला जात नसली तरी हाताला आहे. गटार कोण उपसतं? सिमेंटची पोती कोण वाहतं? बोटांवरच्या रेषा कुणाच्या झिजतात? माझा आजा अंगठा उठवायचा. बाप सही शिकला, मी मॅट्रिक झालो. आता रेशनच्या दुकानात पुन्हा अंगठाच मागतात, आणि तो लागत नाही. मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

२०१७ साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची पोर गेली. रेशनकार्ड आधारला जोडलं नव्हतं म्हणून धान्य बंद झालं होतं. आई म्हणाली, भूक. सरकार म्हणालं, मलेरिया.

२६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला. बँक खातं, मोबाइल आणि शाळाप्रवेश यांना आधारची सक्ती नाही. पॅनला आणि सरकारी अनुदानाला आहे. म्हणजे सिमकार्ड घेणाऱ्याला सूट, आणि ज्याचं पोट रेशनवर त्याला सक्ती. न्या. चंद्रचूड एकटे वेगळे उभे राहिले, अख्खा कायदाच घटनाबाह्य म्हणाले. आणि इतकं करून पदरात काय? त्याच कायद्याच्या नवव्या कलमात लिहिलंय, की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. बोटं घेतली, डोळे घेतले, तरी 'तू इथला कशावरून' हा सवाल शिल्लकच!

आम्हाला ओळखपत्राचं वावडं नाही. आमचं म्हणणं साधं आहे. जुन्या वह्या सरकारच्या कपाटात आहेत, शोधायचं काम सरकारनं करावं. अंगठा लागला नाही म्हणून एक किलो तांदूळही अडता कामा नये. अडवणाऱ्यानं कारण लिहून, सही करून द्यावं. आमच्याकडून इतके कागद घेता, एक तुम्हीही द्या.

तोवर काम आपलं. मशीननं परत पाठवलं म्हणून धान्य नाकारू नका, असे आदेश सरकारनंच काढलेत. दुकानदाराला ते तोंडावर सांगा. दर रविवारी वस्तीत एक टेबल टाका. लोकांच्या पिशव्या सोडा, कागद लावा, नावातल्या चुका लिहून काढा. म्हाताऱ्यांसोबत खिडकीवर जा. खिडकीवर एकटा माणूस अर्जदार असतो. दहाजण गेले की बाबू खुर्ची पुढं ओढून बसतो.