कानाआधी श्रवण हवे

आपली ज्ञानपरंपरा ही मूलतः श्रुतिपरंपरा आहे. अंगाई, ओवी, शुभंकरोती हे सारे संस्कार अक्षरओळखीच्या कितीतरी आधी बालकाच्या कानी पडतात. म्हणूनच कर्णनलिका बंद असलेले मूल जन्माला आले की घरावर आघात होतो. ग्रहणात काय चिरले, काय कापले याची चौकशी सुरू होते आणि दोष मातेच्या पदरी टाकला जातो. सावरकरांच्या विज्ञाननिष्ठेचा वारसा सांगणाऱ्या समाजाला हे शोभत नाही.

वस्तुस्थिती आशादायक आहे. अशा बहुतेक बालकांचा अंतःकर्ण शाबूत असतो. ध्वनी तिथवर पोहोचत नाही, एवढेच. कवटीच्या हाडातून कंपने धाडली की हा अडसर ओलांडता येतो. १९७७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे हाडात स्क्रू बसवून त्याला श्रवणयंत्र जोडण्यास प्रारंभ झाला. तान्ह्या बाळाची कवटी त्यासाठी पुरेशी जाड नसते. पण असेच यंत्र मऊ पट्ट्याने डोक्याला बांधता येते. काही यंत्रे कानामागे चिकटवताही येतात. ना छेद, ना भूल. त्वचेतून जाताना ध्वनी काहीसा मंदावतो हे खरे, परंतु नीरवतेपेक्षा ते शतपटींनी बरे.

तरीही अनेक घरांत ‘मूल मोठे झाले की शस्त्रक्रिया करू’ असे ठरते. बाह्यकर्ण घडविण्याची शस्त्रक्रिया साधारणतः सहा ते दहा वर्षांच्या वयात होते. तोवर भाषा आत्मसात करण्याचा काळ निघून गेलेला असतो. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना हा जगन्मान्य दंडक आहे. रूपाची चिंता मागाहून करता येईल, भाषेची नाही.

शासनानेही येथे दृष्टी विस्तारायला हवी. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटला साहाय्य मिळते, ते योग्यच आहे. पण २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऐकू कमी येण्याची मर्यादा दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून सुरू होते. बंद कर्णनलिकेमुळे होणारी हानी बहुधा त्याच्या आसपासच थांबते. त्यामुळे अनेक बालके काठावर अडकतात आणि एकच कान बंद असलेले मूल तर व्याख्येतच बसत नाही. निकष यंत्राच्या गरजेवर ठरावा, केवळ आकड्यावर नव्हे.

तोवर समाजाने स्वस्थ बसू नये. ‘सक्षम’सारख्या संस्थांचे कार्यकर्ते आणि वस्त्यावस्त्यांतील सेविका यांनी असे बालक दिसताच त्याला श्रवणतज्ज्ञापर्यंत पोहोचवावे. मातृभाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ती प्रत्येक बालकाच्या कानी पडेल याची काळजी वाहणे, हे राष्ट्रकार्यच होय.