इस्त्रीत कुठलं पाणी?

नारळी पौर्णिमा जवळ आली की सातपाटीत कपाटं उघडतात, मिरवणुकीच्या एकसारख्या साड्या इस्त्रीला निघतात. हल्ली घरोघरी वाफेची इस्त्री आहे, आणि तिचं दुखणंही. भोकं बुजतात, आणि ऐन सणाच्या साडीवर तांबूस ठिपका उमटतो. मग कंपनीला शिव्या. आत पाणी कुठलं घातलं होतं, हे कुणी विचारत नाही.

किनाऱ्यालगतच्या विहिरी-बोअरला मचूळ पाणी लागायचंच. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. स्वयंपाकाला असलं पाणी न घेणारी बाई इस्त्रीत मात्र बिनदिक्कत ओतते! वाफ होते ती पाण्याची. क्षार मागे राहतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर भोकं बुजवतो, मीठ धातू खातं. ‘मी उकळून घालते’ असं सांगणाऱ्या पुष्कळ भेटतात. उकळल्यावर थोडा चुना तळाशी बसतो, हे खरं. पण मीठ कुठे जाणार? पाणी आटलं की ते उलट दाटतंच. फडक्यातून गाळूनही ते निघत नाही.

पारख घरच्या घरी होते. स्टीलच्या दोन ताटल्यांत नळाचं आणि बोअरचं चमचा-चमचा पाणी उन्हात वाळू द्या. जिथे पांढरं कडं उरेल आणि बोटाला खरखर लागेल, ते पाणी इस्त्रीचं नव्हे.

इथून उत्तरेला, तारापूरला, 1969 साली सुरू झालेल्या अणुभट्ट्यांत पाणी उकळून त्याच वाफेवर टर्बाइन फिरवण्याची सोय आहे. समोर अख्खा समुद्र, पण त्याचं पाणी फक्त वाफ गार करायला, नळ्यांच्या पलीकडून. वाफेचं पाणी वेगळं, क्षार काढून घेतलेलं. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे परवडत नाही, ते आपल्या इस्त्रीला कसं परवडावं?

नळाला नदीचं पाणी येत असेल तर बहुधा तेच चालतं. घरी आरओ असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर नळाचं आणि डिस्टिल्ड निम्मं-निम्मं. नुसतं डिस्टिल्ड काही कंपन्यांना चालत नाही, तेव्हा पुस्तिका वाचा. गॅरेजातलं बॅटरीचं पाणी, गुलाबपाणी, अत्तराचे थेंब नकोतच. पागोळीचं पाणी फुकट खरं, पण आमच्या पत्र्यांवर धूळ आणि खारे तुषार वर्षभर बसलेले असतात. काम झालं की टाकी रिकामी करायची. आळस नडतो तो इथेच.

आणि सुती लुगडं असेल तर वाफ हवीच कशाला? पाणी शिंपडून घट्ट गुंडाळून ठेवा, मग साध्या इस्त्रीने दाबा. शिंपडायलाही बोअरचं घेऊ नका, एवढंच.