कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

एखाद्या कंपनीला गेल्या तीन वर्षांत नफा किती झाला, तिच्यावर कर्ज किती, हे शोधायला आजवर जाणकार माणूस बसवावा लागे. आता हे काम ‘एआय एजंट’कडे सोपवले जाऊ लागले आहे. एजंट म्हणजे सांगितलेले काम एकेक पायरी करून पार पाडणारा संगणकीय मदतनीस. त्याच्यामागचे भाषा-मॉडेल नुसत्या आठवणीवर सोडले, तर ते खऱ्यासारखा दिसणारा पण कोणत्याच कागदावर नसलेला आकडा बिनदिक्कत सांगू शकते. म्हणून त्याच्या हाती एक साधन द्यावे लागते. कंपनीचे नाव आणि वर्ष सांगितले की हे साधन मूळ विवरणपत्रातून ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक आणून देते. अशी साधने एजंटला जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुले मानक नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. त्यानंतर ती तयार करणे बरेच सोपे झाले.

हे जमण्यामागे आधीच्या कागदपत्रांच्या शिस्तीचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या अशा बऱ्याच कंपन्यांना २०१०-११ या आर्थिक वर्षापासून विवरणपत्रे ‘एक्सबीआरएल’ स्वरूपात देणे बंधनकारक झाले. या स्वरूपात प्रत्येक आकड्याला ठरलेले नाव, कालावधी आणि एकक जोडलेले असते. अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या ‘एडगर’ या भांडारातही अशीच विवरणपत्रे कोणालाही मोफत पाहता येतात.

तरीही चुकायला जागा राहतेच. मोठ्या कंपन्यांना आकडे लाखांत, दशलक्षांत किंवा कोटींत देण्याची मुभा आहे. एकक वाचायचे राहिले तर उत्तर शंभर पटींनी चुकते. एकट्या कंपनीचा हिशेब वेगळा आणि उपकंपन्यांसह एकत्रित हिशेब वेगळा. मागच्या वर्षाचा आकडा पुढच्या वर्षी सुधारूनही छापला जातो. त्यामुळे चांगले साधन आकड्यासोबत वर्ष, एकक, हिशेबाचा प्रकार आणि मूळ कागदाचा पत्ताही देते. मागितलेली माहिती त्या कागदात नसेल, तर ‘सापडली नाही’ असे स्पष्ट सांगते. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे.

आरोग्याच्या स्तंभात कंपन्यांच्या ताळेबंदाची चर्चा कशाला, असे वाटू शकेल. पण हीच पद्धत आरोग्याच्या आकड्यांकडे यायला फार काळ लागणार नाही, आणि नंदुरबारला दुरून वाचले जाण्याची सवय जुनी आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. २०१८ पासून नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. तिथे ४९ निर्देशांकांवर जिल्ह्यांची प्रगती मोजली जाते. अंगणवाडीतील बालकांची वजने २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर जातात, तर उपकेंद्रांचे मासिक अहवाल आरोग्य माहिती प्रणालीत भरले जातात. उद्या मुंबई-दिल्लीच्या टेबलावरून कोणी एजंटला विचारेल, ‘धडगाव तालुक्यात गेल्या तिमाहीत किती अर्भके दगावली?’ उत्तर काही सेकंदांत येईल. त्या उत्तरावर औषधे, पदे आणि पोषण पुनर्वसन केंद्रातील खाटा ठरणार असतील, तर ते कसे तयार झाले हे विचारलेच पाहिजे.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. गावपातळीवर सोल्युबिलिटी ही सोपी चाचणी वापरली जाते. ती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे माणूस रुग्ण आहे असे ठरत नाही. वाहकाचीही ही चाचणी पॉझिटिव्ह येते. रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतर कळते. चाचणीचे नाव न पाहता ‘पॉझिटिव्ह’ एवढेच उचलणारा एजंट निरोगी वाहकांना रुग्णांत मोजेल. लाख आणि कोटींची गल्लत कंपनीच्या हिशेबात करावी, तशीच ही गल्लत आहे. फरक इतकाच की इथे एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते.

दुसरे उदाहरण स्थलांतराचे. दिवाळीनंतर सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत किंवा इतर जिल्ह्यांत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. या काळात पाड्यावर वजन झालेल्या मुलांत कुपोषित कमी आढळले, तर कुपोषण घटले असे म्हणता येत नाही. मुळात तपासायला किती मुले गावात होती, हा आकडा शेजारी नसेल तर टक्केवारीला अर्थ उरत नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. डोंगरातल्या उपकेंद्राचा अहवाल रेंज नसल्याने किंवा आरोग्यसेविकेचे पद रिक्त असल्याने गेला नाही, तर मृत्यूंचा रकाना कोरा राहतो. बेरीज करताना हा कोरा रकाना शून्यासारखाच वागतो. मग जिथे सेवा सर्वांत कमी पोहोचते, तेच गाव कागदावर सर्वांत निरोगी ठरते. माणूस अहवाल वाचत असेल तर ‘इथे शून्य कसे?’ असे फोन करून विचारू शकतो. एजंटला तसे शिकवले नाही, तर तो हे शून्य घेऊन पुढे जाईल आणि त्यावर नेटका अहवालही लिहील.

कंपनीच्या हिशेबाखाली संचालकांची आणि लेखापरीक्षकाची सही असते. खोट्या आकड्याला शिक्षा आहे. आरोग्याच्या आकड्यांत मात्र अनेकदा उलटे घडते. मृत्यू प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी खुलासा विचारला जातो आणि शून्य लिहिणाऱ्याचे काम चांगले मानले जाते. ही सवय सुटल्याशिवाय वेगवान साधनाचा उपयोग चूक लवकर पसरवण्यापुरताच होईल.

आणखी एक भेद विसरता येणार नाही. मोठ्या कंपन्यांची विवरणपत्रे सर्वांनी पाहावीत म्हणूनच असतात. रुग्णाची नोंद तशी नसते. तीस-चाळीस घरांच्या पाड्यात वय, आजार आणि महिना एवढे सांगितले तरी माणूस ओळखू येतो. त्यामुळे एजंटला एकत्रित आकडेच मिळावेत आणि व्यक्तीच्या नोंदीचे दार उपचार करणाऱ्यांपुरतेच उघडे राहावे.

अशी साधने आरोग्य विभागात येण्याआधी काही गोष्टी ठरवून टाकता येतील. कोरा रकाना आणि शून्य यांच्यासाठी वेगळ्या खुणा असाव्यात. प्रत्येक एकत्रित आकड्यासोबत किती उपकेंद्रांपैकी किती उपकेंद्रांचे अहवाल आले, हे छापले जावे. चाचणीचे नाव आणि तारीख आकड्यापासून तुटू नये. चूक आढळल्यास ती मूळ नोंदवहीपर्यंत जाऊन दुरुस्त करण्याचा अधिकार आरोग्यसेविकेला असावा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. कंपन्यांच्या बाबतीत सरकारने दीड दशकापूर्वी आकड्यांना शिस्त लावली, म्हणून आज एजंटला तिथे ते सापडतात. गुंतवणूकदाराच्या पैशासाठी जे करता आले, ते अक्कलकुव्याच्या बाळंतिणीसाठी आणि तिच्या बाळासाठी करणे अवघड नसावे.