घटक चाचणी: वर्गातली आणि संगणकातली

मंडळी, 'युनिट टेस्ट' म्हणजे आपली घटक चाचणीच. धडा संपला की तेवढ्याचीच परीक्षा. प्रोग्रॅम लिहिणारेही एकेका तुकड्याची अशी चाचणी घेतात. पण पुष्कळदा ती तोंडी परीक्षेसारखी असते! छोटीशी स्क्रिप्ट चालवायची, पडद्यावरचे उत्तर नजरेखालून घालायचे आणि "बरोबर वाटतंय" म्हणायचे.

लीप वर्ष ओळखणारा प्रोग्रॅम घ्या. २०२४ घातले, 'लीप' आले, झाले समाधान. पण १९०० लीप नव्हते आणि २००० होते, हे कोण तपासणार? माझ्या मते अपेक्षित उत्तर आधीच लिहून ठेवावे: १९०० नाही, २००० होय, २०२३ नाही, २०२४ होय. प्रत्येक प्रश्न सुटा, म्हणजे चूक नेमकी कुठे ते कळते. ताडून बघायचे काम यंत्राचे. पायथॉनमध्ये तर २००१ पासून ही सोय भाषेबरोबरच मिळते.

जुन्या स्क्रिप्ट मात्र फेकू नयेत. त्यांत कुणीतरी खाल्लेल्या ठेचा असतात; एकेका ठेचेचा एकेक प्रश्न करावा. तारापूरच्या कारखान्यांत पाळी बदलते, तशी इथेही माणसे बदलतात. ज्याच्या नजरेत बरोबर उत्तर होते तो बोईसर सोडून पुण्याला गेला, की पुढच्याने ताडायचे कशाशी?

एक फरक आहे. वर्गात नापास झालेले पोर हिरमुसते. इथे नापास होणारा प्रश्नच उपयोगी पडतो. म्हणून निकाल चांगला दिसावा यासाठी प्रश्न सोपे काढू नयेत. हे अर्थात शाळांनाही लागू!