पसंतीक्रम आधी, हिशेब नंतर!

कोल्हापूर - सीईटीचा निकाल लागला, की पालकांच्या हाती आदल्या वर्षीच्या कटऑफची यादी येते. यादीतले सर्वांत वरचे नाव पहिल्या पसंतीला, त्याखालचे दुसऱ्या, अशा रीतीने अभियांत्रिकीचा पर्याय अर्ज भरला जातो. पुणे वर आणि कोल्हापूर, सांगली, कराड खाली, हा क्रम जणू ठरलेलाच. मुलाला कोणती शाखा हवी, हे बरेचदा शेवटी विचारले जाते. घरखर्चाचे गणित तर जागा मिळाल्यावरच मांडले जाते.

ही सवय आता महागात पडू शकते. २०२५ मधील केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी जागा मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक करण्यात आले. जागा नाकारली, तर पुढच्या फेऱ्यांची दारे बंद. परवडणार नाही असे नाव केवळ हौसेने वर लिहिण्याची मुभा त्यामुळे उरलेली नाही.

शासकीय सवलती आहेत. पण त्यांची हद्द ओळखायला हवी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातील कुटुंबाला निम्मे शिक्षण शुल्क मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास व सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना याच उत्पन्न मर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. संस्थास्तरावरील जागांना हा लाभ नाही. विकास शुल्क, खोलीभाडे आणि मेसचे बिल घरातूनच भरावे लागते. वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. मात्र तिच्या भरवशावर चार वर्षांचा संसार उभा राहत नाही.

शिक्षणाची खरी अडचण राहण्या-जेवण्याची असते, हे या शहराला नव्याने सांगण्याची गरज नसावी. खेड्यातील मुलांची हीच गैरसोय हेरून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे विविध समाजांच्या वसतिगृहांना बळ दिले. त्याच कोल्हापुरात आज फीच्या आकड्यापाशीच चर्चा थांबते, हे नवलच!

वास्तविक जवळचे पर्याय दुय्यम नाहीत. सांगलीचे अनुदानित वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. कोल्हापुरातील केआयटीही १९८३ पासून सुरू आहे. शहरातच प्रवेश मिळाला, तर घरचा डबा आणि बसचा पास यांवर भागते. हवी ती शाखा येथे मिळत असताना, केवळ पुण्याच्या नावासाठी नको त्या शाखेला जाणे हा दुहेरी तोटा आहे. अर्थात, एखादी शाखा येथे नसेल किंवा पुण्यातील शासकीय संस्थेत जागा मिळत असेल, तर जादा खर्चाचे समर्थन करता येते. पण त्यासाठी प्रत्येक नावापुढे चार वर्षांचा एकूण खर्च लिहून मगच क्रम लावावा लागेल. एकदा निश्चित केलेला पर्याय अर्ज त्या फेरीपुरता बदलता येत नाही.