रेफरी, ट्रॅव्हल दिसत नाही का?

आपल्या हॉस्टेलच्या कोर्टवर मॅच चालू असली की कठड्यावर बसलेल्या पब्लिकला बास्केटबॉलचा एकच नियम माहीत असतो. फाउल कळत नाही, तीन सेकंद कळत नाहीत, पण समोरच्या टीमचा पोरगा बास्केटकडे निघाला की पन्नास गळ्यांतून एकदम "ट्रॅव्हऽऽल!" निघतं. मी गेली दोन वर्षं या कोर्टवर शिट्टी वाजवतोय. (गुडघा गेला म्हणून खेळणं सुटलं, नाहीतर रेफरी व्हायची हौस कुणाला असते?) या दोन वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. आपण ज्यावर ओरडतो त्यातली बरीचशी ट्रॅव्हल ही ट्रॅव्हल नसतेच, आणि खरी होते तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. गेल्या वर्षीची इंटर-ब्रँच फायनल, मेकॅनिकल विरुद्ध सिव्हिल. शेवटची काही सेकंदं, सिव्हिल एका पॉइंटने मागे. त्यांचा सेकंड इयरचा एक पोरगा ड्रिबल करत उजवीकडून घुसला, बॉल उचलला, टप टप टप, आणि बॉल जाळीत. कठड्यावरून आरोळी आली आणि माझी शिट्टी वाजली. हात वर, मग दोन्ही मुठी एकमेकींभोवती गोल गोल, बॉल मेकॅनिकलला. सिव्हिल त्या एका पॉइंटने हरलं. पोरगा जवळ येऊन एवढंच म्हणाला, "सर, दोनच स्टेप होत्या." मी त्याला हातानेच गप्प केलं.

रात्री कुणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ रूमवर आला. थांबवत थांबवत दहा-बारा वेळा पाहिला. बॉल त्याच्या हातात आला तेव्हा उजवा पाय जमिनीवर होता. मग डावा टेकला, मग उजवा, मग बॉल हातातून सुटला. म्हणजे पाय तीनदा दिसतात हे खरं. पण पोरगा बरोबर होता.

झालं होतं असं, की मला एका सीनियरने दिलेली नियमांची झेरॉक्स २०१४ सालची होती. त्या नियमांप्रमाणे बॉल घेताना जमिनीवर असलेला पाय हाच पिव्होट, त्यामुळे उजवा-डावा-उजवा ही ट्रॅव्हलच. पण फिबाने १ ऑक्टोबर २०१७ पासून हा नियम बदलला. पळता पळता बॉल ताब्यात आला, त्या क्षणी जो पाय जमिनीवर आहे तो मोजायचाच नाही. पोरं त्याला झीरो स्टेप म्हणतात. त्यानंतर टेकेल तो पाय पहिली स्टेप, पुढचा दुसरी. तिसरा टेकायच्या आत बॉल हातातून सुटला की झालं. ताबा येण्याच्या या क्षणाला 'गॅदर' म्हणतात. (आपल्या गॅदरिंगशी याचा संबंध नाही. तिथे कुणाचाच कशावर ताबा नसतो.) परीक्षेला जुना सिलॅबस वाचून गेलेल्या पोराला आपण हसतो. मी तेच केलं होतं, फक्त मार्क दुसऱ्याचे गेले.

आता कुणी म्हणेल, पावलांचा एवढा कीस कशाला? डॉ. जेम्स नाइस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला तेव्हा तेरा नियम लिहिले होते. बॉल घेऊन पळायचं नाही हे त्यातच होतं. त्यांचा विचार सरळ होता. पळणाऱ्याला थांबवायचं तर त्याला धरून पाडावं लागतं, रग्बीत पाडतात तसं. पळणंच बंद केलं की पाडापाडी आपोआप बंद. पण त्याच नियमात, वेगात असताना बॉल मिळालेल्याला थांबायला थोडी मुभा द्यावी असंही त्यांनी म्हटलं होतं. आपण आजही त्या मुभेवरच भांडतोय.

म्हणजे प्रश्न 'किती पावलं टाकली' एवढाच नसतो, 'कधीपासून मोजायची' हा असतो. ड्रिबल चालू असताना पावलांना मर्यादाच नाही. दोन टप्प्यांच्या मध्ये चार पावलं टाका, ट्रॅव्हल होत नाही, कारण बॉल धरलेलाच नाही. पकडताना बॉल हातातून निसटला आणि धावत जाऊन परत घेतला, तरी होत नाही. बॉल घेऊन घसरून पडलात तरी नाही. पण तसंच बॉल धरून उठायला गेलात की झाली. एक पाऊल डावीकडे, पुढचं उजवीकडे टाकून डिफेंडरला चकवणारी ती युरोस्टेप दिसायला कितीही लबाड वाटली तरी नियमात बसते. दिसायला विचित्र एवढ्याने शिट्टी वाजवायची तर आमच्या टीमच्या सेंटरला कोर्टवर उभंच राहता येणार नाही.

खरी ट्रॅव्हल कुठे होते सांगू? सुरुवातीला. पोरगा बॉल घेऊन दोन्ही पायांवर उभा आहे. एक पाय उचलला की दुसरा पिव्होट झाला. आता ड्रिबल सुरू करायचा तर बॉल हातातून सुटल्यावरच पिव्होट उचलता येतो, आधी नाही. उभ्या असलेल्याला झीरो स्टेपची सवलत नाही. आपल्याकडचे भलेभले डावीकडे दाखवून उजवीकडे निघताना पिव्होट आधी उचलतात आणि फुकटचं अर्धं पाऊल खिशात घालतात. डिफेंडर बिचारा तिथेच मागे पडतो. त्याच्यासाठी कुणी ओरडत नाही, कारण सगळ्यांचे डोळे बॉलवर असतात. मीही वर्षभर हे सोडत होतो, विशेषतः नावाजलेल्या पोरांचं. हे लिहायला बरं वाटत नाही.

खो-खोत वाढलेल्यांना हे लवकर कळेल. चेसरने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, आणि तिथेही अंपायर बघतो ते पाय आणि खांदे, तोंड नाही. इथेही तसंच. बॉल कुणाच्या हातात आला की मी आता मनात एकच शब्द म्हणतो, 'डावा' किंवा 'उजवा'. तो म्हणता आला नाही, म्हणजे पिव्होट मी पाहिलाच नाही, तर शिट्टी वाजवायची नाही. न पाहिलेली ट्रॅव्हल द्यायची नाही, कठडा कितीही तापला तरी. दोन रेफरी असले तर एकाने बॉलवाल्याचे पाय बघावेत आणि दुसऱ्याने बाकीच्यांवर लक्ष ठेवावं. आपल्याकडे दोघेही बॉलच बघतात आणि मग एकमेकांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराच्या रूमवर गेलो आणि चूक सांगितली. तो ब्रश करत होता. "जाऊ द्या सर," म्हणाला, आणि पुढे, "पण टीमला पण सांगाल का?" ते जास्त अवघड होतं. संध्याकाळी सिव्हिलच्या अकरा जणांसमोर सांगितलं. दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. स्पोर्ट्सच्या सरांकडेही गेलो. स्कोअरशीटवर रेफरीची सही झाली की मॅच संपली, निकाल तोच राहणार. सही माझीच होती.

जुनी झेरॉक्स मी फाडली. नव्या नियमांतलं ट्रॅव्हलचं पान मेसच्या नोटीस बोर्डावर लावलंय, मेनूच्या शेजारी. त्यावर तर्री सांडायच्या आत वाचून घ्या.