मण्यारीचे विष आणि नवे प्रतिविष

भातकापणी जवळ आली की डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर एक जुने भय पुन्हा जागे होते. रात्री भुईवर निजलेल्या माणसास मण्यार दंश करते. वेदना नाही, सूज नाही. पहाटे पापण्या जड होतात आणि पाठोपाठ श्वास मंदावतो. २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

यावर आजचा उपाय म्हणजे घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष घोड्यास अल्प मात्रेत टोचून त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी करावयाची, ही रीत शतकाहून जुनी आहे. तिने असंख्य प्राण वाचविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि त्या मिश्रणात विषाशी झुंजणारी प्रतिपिंडे थोडी, इतरच फार. घोड्याची प्रथिने कित्येकांस सोसत नाहीत. आणि चापड्याचे विष तर त्यात विचारातच घेतलेले नाही.

१९७५ साली केंब्रिज येथे कोहलर व मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड घडविणाऱ्या उंदराच्या पेशीचा अमर्याद वाढणाऱ्या कर्कपेशीशी संयोग घडविला. त्या संकरातून एकाच कुळीची, एकाच लक्ष्याचा वेध घेणारी प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली. १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. आज कर्करोगावर व संधिवातावर अशी औषधे वापरात आहेत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील असे औषध तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेच काढले. २०२४ साली बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व अमेरिकेतील स्क्रिप्स संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी नागकुळातील सर्पांच्या एका प्रमुख विषघटकास निष्प्रभ करणारे प्रतिपिंड शोधल्याचे जाहीर केले. प्रयोग उंदरांवरचा होता. घोणस-फुरशांच्या विषावर ते चालत नाही, आणि चेतातंतूंची टोकेच निकामी करणारा मण्यारीचा दुसरा घटकही त्यास दाद देत नाही.

म्हणून या वार्तेने हुरळून जाणे आम्हांस परवडणारे नाही. डहाणूच्या आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्राने वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर भगतांनाही विचारात घेतले, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. कारण दंशानंतरचा पहिला तास बहुधा भगताच्याच दारी जातो. (शहरवासीयांनी यास हसू नये; आपल्याकडे कावीळ उतरविणारे अद्याप आहेत!) पहिल्याच मात्रेस दहाच्या आसपास कुप्या लागतात. तेवढ्या कुप्या, रात्री जागा असणारा डॉक्टर आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र, हे सारे कापणीपूर्वी तलासरीत व कासा येथे सज्ज आहे काय, एवढेच आम्ही शासनास आज विचारतो.